जुन्या गाडीत बोअरचं पाणी नको, कूलंट घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च संपत आला की खंबाटकी, कसारा, आंबा घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्या दिसू लागतात. 'जुनी गाडी आहे, तापणारच' असं म्हणत लोक पुढे निघून जातात. पण गाडी तापण्यात तिच्या वयाचा वाटा थोडा असतो. खरं कारण बहुतेक वेळा वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं नळाचं किंवा बोअरचं पाणी हे असतं. घरच्या घरी, साध्या हत्यारांनी, एका रविवारात ही कूलिंग सिस्टिम आतून स्वच्छ करता येते. गॅरेजमध्ये नुसतं पाणी बदलून 'फ्लशिंग केलं' असं सांगितलं जातं, म्हणून ते काम नीट कसं करायचं हे सविस्तर लिहीत आहे. समोर मारुती ८०० धरली आहे, कारण ही गाडी १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं बनत होती आणि गावोगावी अजून चालते आहे. झेन, एस्टीम, पद्मिनी, ॲम्बेसेडर यांनाही पद्धत हीच. फरक आहे तिथे सांगतो.

आधी एक समज दूर करायला हवा. 'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग कूलंट कशाला?' हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. कूलंट म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा रासायनिक द्रव. पाणी गोठू न देणं हे त्याचं एक काम झालं, आणि महाराष्ट्रात त्याची गरज नाही हे खरंच. पण त्याची बाकीची कामं इथेच जास्त लागतात. त्यातली रसायनं बीड (ओतीव लोखंड), ॲल्युमिनियम, तांबं, पितळ आणि झाळलेले सांधे गंजण्यापासून वाचवतात, शिवाय पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. ८०० च्या इंजिनाचा ब्लॉक (खालचा मुख्य भाग) बिडाचा आणि हेड (त्यावर बसणारा भाग) ॲल्युमिनियमचं. झेनचा तर ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचा. असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असले की ते पाणी बॅटरीतल्या द्रवासारखं वागतं आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू, इथे ॲल्युमिनियम, झिजत जातो. खाडीकाठच्या विहिरींच्या पाण्यात किंवा अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असतं, आणि ते ॲल्युमिनियमला टाचणीएवढी भोकं पाडतं. थर्मोस्टॅटच्या (पाणी ठरावीक तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराखाली आणि हेडच्या पाण्याच्या वाटांजवळ ही भोकं सापडतात.

दुसरा प्रश्न क्षारांचा. गीझरच्या कॉइलवर पांढरा कडक थर बसतो, तोच इंजिनात बसतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं न विरघळणारं कार्बोनेट होतं. ते जिथे धातू सगळ्यात गरम तिथे आधी चिकटतं, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती. उष्णता काढून घेण्याची निकड जिथे सगळ्यात जास्त, तिथेच हा थर आड येतो, आणि तो बिडापेक्षा कित्येक पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. नुकसान मुख्यतः वारंवार पाणी वाढवण्यामुळे होतं, हेही समजून घ्यावं. समजा पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. चार लिटर एकदाच भरलं तर दीड-पावणेदोन ग्रॅम क्षार आत गेले, पुढे काही नाही. पण कुठेतरी बारीक गळती आहे म्हणून दर आठवड्याला अर्धा लिटर वाढवत राहिलं, तर वर्षाला २६ लिटर पाणी आणि त्यातून दहा ग्रॅमच्या वर क्षार. पाणी वाफ होऊन जातं, क्षार आतच राहतात. म्हणून ज्या गाडीला सारखं पाणी लागतं तिची गळती आधी शोधा. फ्लशिंग त्यानंतर.

काम सुरू करण्यापूर्वी निदान करा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या मानेवरची कॅप, म्हणजे झाकण, उघडा आणि आतला द्रव बघा. तपकिरी, विटकरी पाणी म्हणजे बिडाचा गंज. मानेच्या कडेला पांढरट-राखाडी खपली म्हणजे क्षार. या दोन्हींना फ्लशिंगचा उपयोग होतो. दुधाळ कॉफीसारखा चिकट साका दिसला किंवा ऑइल भरायच्या झाकणाखाली साय दिसली, तर तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत असण्याची शक्यता मोठी. कॅप उघडी ठेवून थंड इंजिन चालू केल्यावर पाण्यात सतत, न थांबता बुडबुडे येत राहिले तर जळालेला गॅस पाण्यात शिरतो आहे. अशा गाडीचं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) तपासून घ्या. ती फ्लशिंगने सुधारणार नाही, वेळ आणि पैसे दोन्ही वाया जातील. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तिथून हिरवट किंवा पांढरा ओघळ वाळलेला दिसला तर पंपाचं सील गेलं आहे. पुढच्या सीटपुढचं पायपुसणं ओलं आणि गोडसर वास, तर हीटरची जाळी गळते आहे.

अजून एक गोष्ट आतल्या सफाईच्या आधी बघा, कारण पुष्कळ गाड्यांचं अर्धं दुखणं तिथेच असतं. रेडिएटर बाहेरून बघा. पत्र्याच्या बारीक झालरींत किडे, उसाचं पाचट, धूळ, चिखल अडकून हवाच जात नसेल तर आतून कितीही धुतलं तरी गाडी तापणारच. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, आणि या दोघांच्या मधल्या बोटभर फटीत कचऱ्याची गादी बसते. ती समोरून दिसत नाही, वरून टॉर्च मारून बघावी लागते. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे हवेच्या उलट दिशेने मारा. बागेतल्या नळीचा दाब पुरे. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने झालरी आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते.

आता सामान. पाच-सात लिटरचं प्लास्टिकचं घमेलं, पाण्याच्या रिकाम्या एक लिटरच्या बाटल्या, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ नंबरचे पाने, नरसाळं, बागेची नळी, रबरी हातमोजे, चष्मा. नवा थर्मोस्टॅट आणला नाही तरी त्याचं पॅकिंग नवं आणाच. होजच्या (रेडिएटरला जोडलेल्या रबरी नळ्यांच्या) क्लिपा जुन्या, गंजलेल्या असतील तर त्याही. किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड १०० ग्रॅम आणि खाण्याचा सोडा. शेवटच्या भरणीसाठी कूलंट आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड किंवा लाकूड लावा. इंजिन बंद करून किमान तीन तास गेलेले असावेत. गरम इंजिनची कॅप उघडणं म्हणजे उकळतं पाणी तोंडावर घेणं, कारण दाबाखालचं ११० अंशाचं पाणी कॅप सैल होताच एकदम वाफ होतं. कापड धरून 'हळूच' उघडणारे लोकही भाजलेले आहेत. पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. इलेक्ट्रिक पंखा गाडी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

रेडिएटरच्या तळाशी निचऱ्याचा कॉक असतो. जुन्या प्लास्टिकच्या कॉकला जोर लावू नका, तो तुटतो. फिरत नसेल तर खालच्या होजची क्लिप सोडून होज काढा. होज रबराने चिकटून बसली असेल तर ओढून काढण्यापेक्षा पिळून, फिरवून सैल करा. प्लास्टिकच्या टाकीची नळी ओढाताणीत तडकते. बाहेर आलेलं पाणी बाटल्यांत भरून मोजा. मोजणं यासाठी की रेडिएटरचा कॉक उघडल्यावर सगळं पाणी बाहेर येत नाही. निम्म्याच्या आसपास इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं. ८०० सारख्या लहान गाडीची एकूण क्षमता साधारण साडेतीन ते चार लिटरच्या घरात असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. कॉकमधून दोन लिटर आलं आणि तुम्ही दोन लिटर नवं कूलंट भरलंत, तर निम्मं जुनं तसंच आत आहे. 'कूलंट बदललं तरी महिन्यात लाल झालं' या तक्रारीचं मूळ इथेच आहे. काही इंजिनांच्या ब्लॉकवर वेगळा निचऱ्याचा बोल्ट असतो, सहज सुटला तर सोडा. गंजून जाम झाला असेल तर त्याचं डोकं छिलण्यापेक्षा पुढचं धुणं दोनदा जास्त करा.

पहिलं धुणं साध्या पाण्याचं. कॉक बंद करून पाणी भरा, हीटर असेल तर त्याचा दांडा पूर्ण गरमकडे करा, म्हणजे त्याच्या जाळीतूनही पाणी फिरेल. बॅटरीची वायर जोडून इंजिन चालू करा. वरची होज हाताला एकदम गरम लागली की थर्मोस्टॅट उघडला असं समजा. त्यानंतर दहा मिनिटं चालू ठेवा. मग बंद करून थंड होऊ द्या आणि पाणी सोडा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं. घाईत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गंज फार असेल तर हे धुणं दोन-तीनदा करावं लागतं. वाट बघावी लागते म्हणूनच हे काम रविवारी सकाळी लवकर सुरू करावं.

पाणी स्वच्छ येऊ लागलं पण मानेपाशी पांढरी खपली अजून आहे, तर सायट्रिक ॲसिडची पाळी. लिटरला २० ग्रॅम, म्हणजे चार लिटरला ८० ग्रॅम. आधी लिटरभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग रेडिएटरमध्ये ओता आणि उरलेली जागा पाण्याने भरा. इंजिन कामाच्या तापमानाला आल्यावर १५ ते २० मिनिटं जागेवरच चालवा, गाडी रस्त्यावर नेऊ नका. ॲसिडचं पाणी आत गेल्यापासून सोडेपर्यंतचा एकूण वेळ लांबवू नका. हाताला सोसेल इतपत कोमट झालं की सोडून द्या. रात्रभर ठेवलं तर जास्त साफ होईल असं वाटतं, पण होतं उलटं. क्षार विरघळून झाले की ॲसिड धातूकडे आणि जुन्या रेडिएटरच्या शिशाच्या झाळीकडे वळतं. शिवाय कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा गाळ आतच बसतो. एकदा कडक डोस देण्यापेक्षा सौम्य डोस दोनदा द्यावा. जो रेडिएटर आधीच पाझरतो आहे त्याला हे ॲसिड देऊ नका. पुष्कळदा क्षारांची खपलीच त्याचं भोक बुजवून बसलेली असते आणि ती निघाली की धार लागते.

घरातली बाकीची 'साफ करणारी' द्रव्यं मात्र दूर ठेवा. संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते ॲल्युमिनियम आणि बीड दोन्ही खातं आणि मागे क्लोराइड सोडतं. मोरीची तुंबलेली वाट मोकळी करणारा कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमशी जोरात भिडतो आणि हायड्रोजन वायू तयार होतो. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमला चालत नाही. भांड्यांच्या साबणाने फेस होतो आणि पंप फेस ढकलू शकत नाही, त्यामुळे धुतानाच इंजिन तापतं.

ॲसिड सोडल्यावर एकदा साध्या पाण्याने धुवा. मग लिटरला एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून भरा, पाच मिनिटं चालवा, थंड झाल्यावर ते पाणी काढून टाका. ॲसिडचं पाणी आत असतानाच सोडा टाकू नका, वायू होऊन पाणी मानेतून उसळतं. सोड्यानंतर पुन्हा दोनदा साधं पाणी. धुण्याला नळाचं किंवा आरओचं पाणी चालेल.

यानंतर उलट्या दिशेने धुणं, म्हणजे बॅकफ्लश. बसलेला गाळ ज्या दिशेने आला त्याच दिशेने ढकलला तर आणखी घट्ट बसतो. थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट काढून थर्मोस्टॅट बाहेर घ्या. वरची आणि खालची होज रेडिएटरपासून सोडा. बागेची नळी रेडिएटरच्या खालच्या तोंडाला कापड गुंडाळून धरा आणि पाणी वरच्या तोंडातून बाहेर येऊ द्या. तसंच इंजिनलाही: पाणी थर्मोस्टॅटच्या बाजूने आत, खालच्या होजमधून बाहेर. नळी क्लिपने आवळून बसवू नका. रेडिएटर साधारण एक किलो दाबासाठी बनलेला असतो, आणि बिल्डिंगच्या बूस्टर पंपाचा दाब त्याहून जास्त भरला तर जुने सांधे सुटतात. कापडाच्या बाजूने थोडं पाणी उडालं तर उडू द्या. सुरुवातीला गाळ आणि गंजाच्या खपल्या येतात, मग पाणी स्वच्छ होतं.

या वेळी रेडिएटरची परीक्षा घ्या. खालचं तोंड हाताने दाबून धरून तो वरपर्यंत भरा आणि हात काढा. पाणी भसकन एकदम गेलं पाहिजे. धार बारीक होऊन रेंगाळली तर आतल्या पट्ट्या बुजलेल्या आहेत आणि घरचं धुणं तिथे पुरणार नाही. पद्मिनी, ॲम्बेसेडरचे तांब्या-पितळेचे रेडिएटर कारागीर टाकी खोलून, रॉडिंग करून (आतल्या वाटांतून सळई फिरवून), परत झाळून देतो. ते काम जरूर करून घ्या, असा रेडिएटर टिकाऊ असतो. ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा असेल तर नवा घेणं बरं.

थर्मोस्टॅटबद्दल जरा थांबून लिहितो. पुष्कळ गॅरेजांत तो काढून फेकून देतात आणि 'आता गाडी तापणार नाही' असं सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन वेळेत गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने पाण्याचा काही भाग रेडिएटर टाळून बायपासमधूनच फिरतो आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. त्याची तपासणी सोपी आहे. पातेल्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या तापमानाच्या आसपास झडप हलू लागली पाहिजे आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण, सुमारे ८ मिलिमीटर उघडली पाहिजे. थंड झाल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. नाहीतर नवा घ्या. बसवताना त्याच्यावरची हलणारी बारीक पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निसटते. बसायची जागा खरवडून साफ करा. पॅकिंगला सिलिकॉन लावायचंच असेल तर अगदी पातळ. आत पिळून गेलेले सिलिकॉनचे तुकडे थेट रेडिएटरच्या पट्ट्यांत जाऊन अडकतात. बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात, म्हणून हाताने बसवून मग दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा.

होज दाबून बघा. दाबली की आत कर्रकर्र आवाज, क्लिपजवळ फुगवटा किंवा बारीक चिरा असतील तर बदला. आणि कॅप. एवढीशी वस्तू, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा दाब लिहिलेला असतो. ०.९ च्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर गेलं की ते समुद्रसपाटीला १०० अंशांवर येतं आणि महाबळेश्वरला ९५ च्या जवळ. म्हणजे थर्मोस्टॅट जेमतेम पूर्ण उघडतो त्याच तापमानाला पाणी उकळायला लागतं! घाटात तापणाऱ्या कितीतरी गाड्यांना फक्त नवी कॅप हवी असते. रबर कडक झालं असेल, मधली छोटी झडप बोटाने ओढल्यावर परत बसत नसेल, किंवा इंजिन थंड झाल्यावर वरची होज आत चेपलेली दिसत असेल तर कॅप बदला. गाडीला दिलेल्या आकड्याचीच घ्या. जास्त दाबाची कॅप जुन्या रेडिएटरला आणि हीटरला फोडते.

आता भरणी. बाजारात कूलंट दोन प्रकारांत मिळतं, पाणी मिसळलेलं तयार आणि मिसळायचं कॉन्सन्ट्रेट. धुऊन झाल्यावर ब्लॉकमध्ये लिटर-दीड लिटर पाणी उरलेलंच असतं, म्हणून इथे कॉन्सन्ट्रेट घ्यावं. तयार कूलंट भरलं तर त्या पाण्याने ते पातळ होतं. एकूण क्षमता चार लिटर असेल तर आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग उरेल तेवढी जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. मिश्रण आपोआप निम्मं-निम्मं होतं. आपल्या हवेत एक तृतीयांश कूलंटही चालतं, त्याखाली मात्र गंजरोधक रसायनं कमी पडतात. आणि नुसतं कॉन्सन्ट्रेट भरणंही चूकच, कारण पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ हे मानक लिहिलेलं बघा. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा फक्त रंग आहे, प्रत्येक कंपनीचा वेगळा. आत कोणती रसायनं आहेत ते डब्यावर वाचावं लागतं. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळली तर गंजरोधकांचा प्रभाव कमी होतो आणि कधी कधी जेलीसारखा गाळही होतो. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला पारंपरिक प्रकारचं कूलंट चांगलं, आणि ते दर दोन वर्षांनी बदलायचं.

ओतताना घाई करू नका. गाडीचं तोंड थोडं चढावर असेल तर हवा वर येते. हीटर गरमकडे, कॅप उघडी. हळूहळू ओतत वरची होज मधूनमधून दाबत राहा, बुडबुडे निघतील. मग इंजिन चालू करा आणि पातळी खाली गेली की वाढवत जा. थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी एकदम खाली जाते, पुन्हा भरा आणि कॅप लावा. पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू ठेवा. पंखा लागलाच नाही आणि तापमानाचा काटा वर चढत असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा, पंख्याचा स्विच, फ्यूज किंवा आत अडकलेली हवा तपासा. पंपापाशी हवेचा गोळा असेल तर काटा कधी खोटं कमी तापमानही दाखवतो, कारण त्याचा सेन्सर पाण्यात नसून हवेत असतो. रेडिएटरच्या बाजूला बसवलेल्या कूलंटच्या बाटलीत लो आणि फुल या खुणांच्या मध्ये भरा. बाटली नसलेल्या जुन्या गाडीत मानेखाली इंचभर जागा मोकळी सोडा, नाहीतर गरम झाल्यावर तेवढं बाहेर पडेल.

पुढचे तीन दिवस सकाळी थंड इंजिनची पातळी बघा. शे-दोनशे मिलिलिटर कमी होणं नेहमीचं, अडकलेली हवा निघत असते. त्यानंतरही कमी होत राहिलं तर गळती आहे, ती शोधा. दोनशे किलोमीटरनंतर रंग पुन्हा तपकिरी झाला तर आत अजून गंज आहे, मग एकदा साध्या पाण्याने धुऊन पुन्हा भरावं लागेल. ते कूलंट वाया गेलं असं वाटेल, पण वॉटर पंप वाचतो.

गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी पद्धत आहे. रानात अडकलात, मैलोन्मैल गॅरेज नाही, तेव्हा तिने घरी पोचता येतं. पण घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळं धुऊन काढा, नाहीतर तीच हळद हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक वाटांत घट्ट बसते.

शेवटी एक गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र खरं म्हणजे आपल्याकडे पाठवत आहे. घमेल्यात जमलेलं जुनं कूलंट गटारात, रस्त्यावर किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं, त्यामुळे कुत्री, मांजरं, गुरं ते चाटतात, आणि ते मूत्रपिंड निकामी करतं. निम्म्या पाण्याचं मिश्रण चार किलोच्या मांजराला दोन-अडीच चहाच्या चमच्यांतही जीवघेणं ठरू शकतं. लहान मुलांनाही तोच धोका. म्हणून काम चालू असताना घमेलं उघडं सोडून चहा प्यायला जाऊ नये, सांडलेल्या जागेवर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष' असं लिहावं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही, तात्पुरतंसुद्धा, तसंच ठेवू नये. मोजायला वापरलेल्या बाटल्या फोडून टाकाव्यात.

पण हा कॅन न्यायचा कुठे? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दर वीस चौरस किलोमीटरमागे घरगुती घातक कचरा स्वीकारणारं एक केंद्र स्थानिक संस्थांनी उभारावं अशी तरतूद आली. आपल्या शहरात, तालुक्यात असं केंद्र कुठे आहे, ते कोणत्या दिवशी उघडं असतं आणि तिथे कूलंट, जुनं ऑइल, बॅटरीचं पाणी घेतात का, याची माहिती महापालिका आणि नगरपालिकांनी वॉर्ड कार्यालयांच्या फलकावर लावावी. जिथे केंद्र नाही तिथे ते उन्हाळ्याच्या आत सुरू करावं. आपल्या दैनिकाने त्या केंद्रांचे पत्ते छापले तर घरी हे काम करणाऱ्या प्रत्येक वाचकाला त्याचा उपयोग होईल.

आपला,
जुन्या गाड्यांची देखभाल करणारा एक वाचक, सातारा